चार फुटांची रेघ: दोन वर्षांच्या बाळाचा नव्वदच्या दशकातला वाढदिवस

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा मे महिन्यात दोन वर्षांचा होतोय. तुम्ही दोघं पुण्याला असता, पण कार्यक्रम अमळनेरला, सासू-सासऱ्यांच्या घरी करायचा आहे. माणसं साठ-सत्तर आणि थीम नव्वदच्या दशकाची. शेवटी तुम्ही विचारलंय की एवढ्याशा पोराला यातलं काय कळणार, ही सगळी आपलीच हौस नाही का?

हौस तुमचीच आहे, आणि ती मनापासून करा. दोन वर्षांच्या पोराला दशक कळत नाही आणि वाढदिवसही कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की आज घरात खूप माणसं आहेत, गोंगाट आहे, आई हाताशी नाही आणि आपल्याला झोप येतेय. जळगाव-धुळे पट्ट्यात बारसं, जावळ, वाढदिवस यांची आखणी आणि सजावट हा माझा व्यवसाय आहे. लहान मुलाच्या वाढदिवसाचं काम घेताना माझी एकच अट असते: थीम आई-बापाची, जमीन बाळाची.

म्हणून घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे भिंतीवर जमिनीपासून चार फुटांवर खडूने एक रेघ ओढायची. रेघेच्या वर नव्वदचं दशक हवं तेवढं मांडा. रेघेच्या खाली फक्त तेच ठेवायचं जे बाळाने ओढलं, चाटलं, आपटलं किंवा त्यावर बसलं तरी चालेल. दोन वर्षांचं मूल साधारण पावणेतीन फुटांचं असतं, पण चवड्यावर उभं राहून हात वर केला की साडेतीन फुटांच्या आसपास पोचतं. भिंतीला लागून दिवाण किंवा खुर्ची असेल तर चार फूट तिथल्या बैठकीपासून मोजायचे.

ही अट घालायचं कारण साधं आहे. आपल्या आठवणीतल्या निम्म्या वस्तू नेमक्या बाळाच्या घशात अडकतील अशा मापाच्या आहेत. गोट्या, लिमलेटच्या गोळ्या, शिट्ट्या, पेनाची टोपणं, व्यापाराच्या डावातल्या सोंगट्या, सगळं त्याच मापाचं. घरच्या घरी तपासायचं तर टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ ठेवायची नाही. गोट्या तर घरात आणूच नका, अगदी बरणीत भरून शोभेला ठेवायलाही नाही. कुणीतरी मोठा मुलगा बरणी उघडतोच.

यात सगळ्यात फसवा असतो साधा रबरी फुगा. फुटल्यावर त्याचा तुकडा बाळ तोंडात घालतं, आणि ते रबर श्वासनलिकेच्या तोंडाशी झाकणासारखं बसलं की काढणं फार अवघड जातं. फुगे लावायचे तर रेघेच्या वर, घट्ट बांधून, आणि फुटला की तुकडे तत्काळ उचलायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवून. गॅसचे फुगे मागवणार असाल तर आत हेलियम आहे की हायड्रोजन, हे स्पष्ट विचारा. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि मेणबत्तीजवळ तो भडकतो. उत्तर खात्रीचं मिळालं नाही तर गॅसचे फुगे नकोत.

दुसरी गोष्ट म्हणजे बटनाएवढ्या चपट्या बॅटऱ्या. गाणारं ग्रीटिंग कार्ड, खेळण्यातलं घड्याळ, एलईडीची मेणबत्ती, या सगळ्यांत त्या असतात. अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकते. तशी नुसती शंका जरी आली तरी वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात सरळ न्यायचं.

आणि माळ्यावर सापडलेली जुनी रंगीत लाकडी किंवा पत्र्याची खेळणी भिंतीवरच शोभतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचं काही सांगता येत नाही, आणि बाळ रंग चाटणारच. त्याच्या हातात द्यायचं खेळणं नवीन आणि आयएसआय मार्कचं असू द्या. जानेवारी २०२१ पासून तो मार्क खेळण्यांना सक्तीचा आहे.

आता तुमच्या हौसेकडे येते. इंटरनेटवर ‘नाइंटीज थीम’ शोधलं की झगझगीत गुलाबी-हिरवे रंग, रोलर स्केट आणि खांद्यावरचा मोठा टेपरेकॉर्डर समोर येतो. ते अमेरिकेचं नव्वद. तुमच्या मिस्टरांचं लहानपण अमळनेरला गेलंय, त्यांच्या घराचं नव्वद शोधा. त्यांचा जन्म १९९० च्या आसपासचा असेल तर त्यांना खरं आठवत असेल ते १९९५ नंतरचं. तेव्हा दशकाचा पूर्वार्ध सोडून द्या आणि १९९६ ते २००० एवढीच वर्षं धरा. सजावट लगेच खरी वाटायला लागते.

अमळनेरचं म्हटलं की पहिली येते ती संत सखाराम महाराजांची यात्रा. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी ती यात्रा, आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं, तंबूतला सिनेमा. एक अख्खी भिंत तिला द्या: वर रंगीत पताका, मधे पुठ्ठ्याचा आकाशपाळणा, कडेला हाताने रंगवलेली पाटी. (तारीख ठरवताना पंचांग बघा. वैशाख एकादशी ते पौर्णिमेच्या दरम्यान वाढदिवस आला तर एसटीला गर्दी असते, बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.) दुसरं म्हणजे वनस्पती तुपाचे पत्र्याचे डबे. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, त्यामुळे तुमच्या गावात या डब्याला वेगळाच मान आहे. तुळस लावलेला, गव्हाचा, रॉकेलचा, कुठल्या ना कुठल्या रूपात तो घरोघरी होता. सासूबाईंना विचारा, एखादा निघेल. त्याच्या कडा कापतात, म्हणून तो रेघेच्या वरच.

एक बारकावा पाहुण्यांना फार आवडतो. निमंत्रण अंतर्देशीय पत्रासारखं छापा आणि नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या नातेवाइकांच्या पत्त्यात ‘जि. धुळे’ लिहा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. ज्यांनी तो पत्ता वर्षानुवर्षं लिहिलाय त्यांच्या ते लगेच लक्षात येतं, आणि फोन करून सांगतात. टीव्ही मांडणार असाल तर लाकडी शटरचा, वर अँटेना, आणि पडद्यावर सचिनचा एप्रिल १९९८ मधल्या शारजाचा फोटो. त्या दोन खेळ्या, १४३ आणि १३४, साठीतल्या काकांपासून पस्तिशीतल्या भाच्यांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहेत. रेडिओ असेल तर तो आजोबांच्या खुर्चीशेजारी, उंच स्टुलावर. त्याच्या आत छोटा ब्लूटूथ स्पीकर लपवा. आवाज एवढाच की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागू नये. त्याहून मोठा आवाज बाळाला सोसत नाही आणि मग ते तासाभरात रडायला लागतं.

घरच्या जुन्या फोटोंचे नवे प्रिंट काढून लावा, मूळ फोटो नकोत. मे महिन्यात चिकटपट्टी वितळते आणि सोडवताना फोटोचा पापुद्रा निघतो.

मला विचाराल तर सगळ्या सजावटीत पैसे आणि डोकं लावावं अशी जागा एकच: एसटीडी बूथ. पिवळ्या रंगाचा सनबोर्ड, त्यावर काळ्या-लाल अक्षरांत ‘एसटीडी आयएसडी पीसीओ’, आत चार फुटांच्या वर फळी, फळीवर जुना डायलचा फोन. बाजूला लाल आकड्यांच्या मीटरचं चित्र आणि ‘रात्री ११ नंतर पाव दर’ अशी पाटी. उशिरा दर उतरला की बाहेरगावी शिकणारी मुलं रांगा लावायची, ते त्या पिढीला सांगावं लागत नाही. फोनच्या मागे एक मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचा. पाहुण्याने रिसिव्हर कानाला लावायचा आणि बाळाशी एक मिनिट बोलायचं. ते मोठं झाल्यावर ऐकेल असं.

पण नुसतं ‘बोला’ म्हटलं तर माणसं ‘हॅपी बर्थडे, खूप मोठा हो’ म्हणून रिसिव्हर ठेवतात. तिथे घरातली एखादी बोलकी आत्या किंवा मामी बसवा आणि तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ‘याचा बाप दोन वर्षांचा होता तेव्हा कसा होता?’ मग बघा. बाळाच्या पणजीला मराठीत बोल म्हणू नका, तिला अहिराणीतच बोलू द्या. ‘कसा शेस रे भाऊ’ म्हणून ती सुरू होते आणि एक मिनिटाची पाच मिनिटं होतात. तुमचा मुलगा पुण्यात वाढणार आहे. त्याच्या पणजीची अहिराणी त्याच्याजवळ राहायची ही एवढीच संधी असू शकते, म्हणून बूथ गाण्यांपासून आणि कूलरपासून लांब, आतल्या खोलीत लावा. आवाज स्वच्छ यायला हवा. रिसिव्हरची वेटोळ्याची वायर खाली लोंबू देऊ नका. बाळ ती ओढेल किंवा गळ्याभोवती घेईल.

बाळाच्या बाजूला, म्हणजे जमिनीवर, एकच मोठी गोष्ट करा: लाल एसटी. फ्रिजचा किंवा कूलरचा मोठा खोका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मागून आणा. वरचं झाकण कापून टाका, बाजूला दार कापा, पण दाराचा उंबरठा चार बोटांपेक्षा उंच नको, म्हणजे त्याला स्वतःच्या पायाने आत-बाहेर करता येईल. कापलेल्या प्रत्येक कडेवर कापडी चिकटपट्टी दुमडून लावा. स्टेपलरची पिन एकही नको, टाचणी नको, चाकं पुठ्ठ्याचीच. लाल पोस्टर कलर दोन हात, मधून पिवळसर पट्टा, समोर पाटी ‘अमळनेर – धुळे’. रंग आदल्या दिवशी देऊन नीट वाळवा. आत एक जुनी मऊ गोधडी. कंडक्टरची घंटी मोठ्या माणसाच्या हातात राहू द्या, दोरी खोक्याला बांधू नका. दोन वर्षांचं मूल त्या खोक्यात अर्धा-अर्धा तास रमतं. त्याच वयाची आणखी दोन-तीन मुलं असतील तर आणखी एक खोका ठेवा, कारण या वयात वाटून खेळायची समज नसते आणि एकाच बसवरून रडारड होते. शेजारी चटईवर स्टीलच्या वाट्या, मोठे चमचे, कापडी चेंडू. एवढं त्याला पुष्कळ झालं. लगोरी आणि भोवरा आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही अंगणात वेगळ्या बाजूला. भोवऱ्याची आर लोखंडी असते आणि तो कुठेही उडतो.

आता मे महिना. दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो हे तुम्हाला माहीत आहे, पण पुण्याहून येणाऱ्या बाळाच्या अंगाला त्याची सवय नाही. किमान दोन दिवस आधी या. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, त्याहून लांबवू नका. त्या दिवशी दुपारची झोप कुणाच्याही हट्टासाठी मोडायची नाही. चार-साडेचारला उठलेलं मूल सातला हसतमुख असतं, म्हणून औक्षण आणि केक सातच्या आत उरका, सगळे पाहुणे आले नसले तरी. उशिरा येणारे जेवायला आहेतच.

गच्चीवर करणार असाल तर स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. पाचला आणि पुन्हा सहाला पाणी मारा. लहानपणी गच्चीवर अंथरुणं घालण्याआधी आपण मारायचो तसंच, आणि सतरंजी पडण्याआधी फरशी कोरडी होऊ द्या. बाळाचा कोपरा मात्र खाली घरात ठेवा. कठडा आणि जिना, दोन्हीवर नजर ठेवायला त्या गर्दीत कुणी मोकळं नसतं.

कूलरबद्दल निक्षून सांगते. आपल्याकडचे पत्र्याचे कूलर उन्हाळ्यात शॉक देतात, दरवर्षी माणसं दगावतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, कूलर खिडकीच्या बाहेर राहू द्या, आतून बाळाचा हात जाळीला पोचणार नाही अशी आडकाठी करा. पाणी भरताना प्लग काढूनच. वीज गेली तर पंखे आणि दिवे चालतील एवढा इन्व्हर्टर आहे ना, तेही आधी बघा.

जेवणाला बुफे मांडू नका. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, पंगत आणि वरण-बट्टी, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. नव्वदच्या खान्देशात यापेक्षा मोठा थाट नव्हता. शिवाय बट्टी वरणात कुस्करून वर तूप सोडलं की बाळाचंही जेवण त्यातच होतं, फक्त त्याचं वरण तिखट घालण्याआधी बाजूला काढा. भरिताचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. भरिताची खरी वांगी हिवाळ्यातली. आल्या-आल्या मोठ्यांना कागदी पुड्यांत मुरमुऱ्यांचा भत्ता द्या, पण त्यातले शेंगदाणे आणि फुटाणे पाचएक वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. अख्खे दाणे श्वासनलिकेत जातात. पुड्या वाटणाऱ्याला हे सांगून ठेवा, नाहीतर कौतुकाने कुणीतरी बाळाच्या मुठीत देतंच. रावळगावच्या गोळ्या आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या, त्या हव्यातच. त्या काचेच्या बरणीत, रेघेच्या वर, आणि हात घालून देणारा मोठा माणूस. बर्फाचा गोळा ठेवणार असाल तर बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आहे याची खात्री करा. निळसर बर्फ खायचा नसतो. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणूनच त्याला तो रंग द्यायचा नियम २०१८ पासून आहे.

केक दोन करा. मोठ्यांसाठी बेकरीतला, गुलाबी-हिरव्या क्रीमच्या गुलाबांचा, त्या काळच्यासारखाच, पण तो कापायच्या वेळीच फ्रिजमधून बाहेर काढा. बाळासाठी पिकलेली केळी आणि रवा-दुधाचा छोटा केक, साखर न घालता. केळी आपल्याकडची, गोडी पुरेशी असते.

त्या काळचा मोठा फुगा, टाचणीने फोडला की चॉकलेटं आणि चमकी खाली पडायची तो, पुष्कळ आई-वडील हमखास मागतात. मी तो करत नाही. दणका, रबराचे तुकडे, चमकी, कठीण गोळ्या आणि त्यावर तुटून पडणारी मोठी मुलं, हे सगळं एकाच क्षणी बाळाच्या डोक्यावर होतं. त्याऐवजी पतंगाच्या कागदाची मोठी पिशवी टांगा, खाली दोरी, दोरी ओढली की तळ उघडतो आणि झेंडूच्या पाकळ्या पडतात. बाळाला वडिलांच्या कडेवर घेऊन दोरी त्याच्या हातात द्या. फोमचा स्प्रे तर मेणबत्ती पेटलेली असताना घरातसुद्धा नको, तो पेट घेतो.

थर्माकोलची अक्षरंही आठवणीतली, पण सजावटीचा थर्माकोल राज्यात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद झालाय. पुठ्ठ्याची अक्षरं कापून वर घोटीव कागद लावा. क्रेपच्या झालरी आणि घोटीव कागद जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एका फेरीत मिळतील.

फोटोग्राफरला हवे तेवढे फोटो काढू द्या, पण छापायचे छत्तीसच, असं आधी ठरवा. तेव्हाचा रोल बहुतेक छत्तीस फोटोंचा असायचा. निवडायला बसलात की कोणते खरे महत्त्वाचे ते आपोआप कळतं, आणि काळ्या पानांचा, मधे बटर पेपर असलेला अल्बम अजून मिळतो.

कपड्यांचं एवढंच: सुती मलमलचा बाबासूट शिवून घ्या. चष्मा, गॅलिस, विग नको. मे महिन्यात बाळ पाचव्या मिनिटाला ते ओरबाडून काढतं.

रिटर्न गिफ्ट म्हणून छोट्या खेळण्यांच्या पुड्या देऊ नका. स्टीलचे लहान पेले घ्या आणि त्यावर भांड्यांच्या दुकानात नाव घालून घ्या: बाळाचं नाव, ‘दुसरा वाढदिवस’, अमळनेर आणि तारीख. पूर्वी लग्न-मुंजीच्या भांड्यांवर घालायचे तसंच. लग्नसराईत नाव घालणाऱ्याकडे गर्दी असते, म्हणून पेले एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नाव घालायला द्या. एसटीडी बूथचा बोर्ड आठ दिवस आधी सांगितला तरी चालतो. फोन, रेडिओ, टीव्ही भाड्याने घेण्याआधी काका-मामांच्या माळ्यावर विचारा, आणि घरच्या मोठ्यांकडून आणलेल्या प्रत्येक वस्तूच्या मागे मालकाच्या नावाची चिठ्ठी लावा. परत करताना ती फार उपयोगी पडते.